मसावि सारखा चुकतोय? खोडरबर बाजूला ठेवा, आधी चुकलेलं उत्तर बघा

९१ आणि ११९ यांचा मसावि काढा. (मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, दिलेल्या सगळ्या संख्यांना निःशेष भागणारी मोठ्यात मोठी संख्या.) परवा संध्याकाळी सातवीतल्या एका पोरानं वहीत सरळ '१' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"दोन्ही मूळ संख्या हायत बाई. कशानंच भाग जात न्हाई."

कशाकशानं भागून बघितलंस, विचारलं. दोननं, तीननं, पाचनं. बस्स. सातापर्यंत गडी गेलाच नव्हता. तेरा साते एक्क्याण्णव त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, पण पाढा आणि अवयव ही दोन वेगवेगळ्या कप्प्यांतली सामानं असल्यासारखी ठेवलेली. एक उघडलं की दुसरं बंद.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या माडीवर मी पाचवी ते आठवीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेते. दर वर्षी पोरं नवी येतात, मसाविच्या चुका मात्र जुन्याच. पालकही ठरलेला प्रश्न विचारतात: घरी दहातली आठ बरोबर येतात, पेपरात नेमकी चुकतात, असं कसं? तर असं होतं, कारण घरी बरोबर आलेल्या आठांतली तीन-चार नशिबानं बरोबर आलेली असतात. कशी, ते खाली सांगते. आधी एक विनंती. मुलाचं उत्तर चुकलं की ते खोडायला लावू नका. काय उत्तर आलंय त्यावरून कुठं घसरलाय ते जवळजवळ नेमकं कळतं.

तपासणी दोन ओळींची आहे. आलेल्या उत्तरानं दिलेल्या दोन्ही संख्यांना भागायचं. एखादीला निःशेष भाग गेला नाही, तर ते उत्तर विभाजकच नाही, मग महत्तम-बिहत्तम दूरची गोष्ट. दोघींना भाग गेला, तर आलेले दोन भागाकार शेजारी-शेजारी लिहायचे आणि बघायचं, या दोघांना अजून एखाद्या संख्येनं भाग जातो का? जात असेल तर मसावि अर्ध्यावर सोडलाय. बहुतेक चुका या दोन ओळींत सापडतात. '१' हे उत्तर मात्र सापडत नाही, कारण एकानं भागून काहीच बदलत नाही.

उत्तर '१' आलंय, पण मन मानत नाही

हे लक्षण सगळ्यात फसवं. मोठ्या, विषम, ओबडधोबड संख्या दिसल्या की पोरं हात टेकतात आणि १ लिहितात. ९१, ११९, १३३, १४३, ३२३, ४३७ ही सगळी मंडळी मूळ संख्यांचे कपडे घालून फिरतात, आणि आहेत सगळ्या संयुक्त.

इथं अवयव पाडत बसू नका. वजाबाकी करा. ११९ मधून ९१ गेले, राहिले २८. आता जी संख्या ९१ लाही भागते आणि ११९ लाही भागते, ती त्यांच्या फरकालाही भागणारच. सात-सातच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या पोत्यातून सात-सातचेच गठ्ठे काढले तर उरेल तेही सात-सातच्याच गठ्ठ्यांत. म्हणजे मसावि २८ च्या विभाजकांतच कुठंतरी आहे: १, २, ४, ७, १४, २८. दोन्ही संख्या विषम, म्हणून सम विभाजक बाद. राहिले १ आणि ७. सातानं भागून बघितलं: १३ आणि १७. झालं.

एवढ्यावरून दोन गोष्टी फुकटात मिळतात. मसावि फरकापेक्षा मोठा असूच शकत नाही (संख्या वेगवेगळ्या असल्या तर). आणि लगतच्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १, कारण फरकच एक. लगतच्या दोन सम संख्यांचा नेहमी २. शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात असले प्रश्न एका गुणाला पडलेले असतात आणि पोरं त्यावर अर्धं पान खर्च करतात.

पटत नसेल त्याच्याकडून कातरकाम करून घ्या. मी गणिताच्या चौकटीच्या वहीतला कागद देते, २१ चौकटी लांब आणि १५ रुंद. यातून जेवढा मोठा चौरस निघेल तेवढा काप. निघतो १५ बाय १५ चा. उरली ६ बाय १५ ची पट्टी. तिच्यातून ६ चे दोन चौरस. उरली ६ बाय ३ ची. तिच्यातून ३ चे दोन, आणि हातात काहीच उरलं नाही. शेवटचा चौरस ३ चा, मसावि ३. मग त्याच तीन चौकटींच्या चौरसानं आधीचे सगळे चौरस भरून दाखवायचे. सहाच्यात चार बसतात, पंधराच्यात पंचवीस. हे एकदा हातानं केलं की "फरकातच का शोधायचं?" हा प्रश्न परत येत नाही. कचरा बराच होतो, झाडू जवळ ठेवा.

उत्तर भाग घालवतंय, पण लहान आहे

७२ आणि १०८. उभी मांडणी केली, दोननं भागलं: ३६, ५४. परत दोननं: १८, २७. तीननं: ६, ९. इथं हात थांबतो. का थांबतो, याचं मला मिळालेलं उत्तर असं: "तीननं एकदा भागून झालं की." म्हणजे प्रत्येक मूळ संख्येला एकच संधी, असा काहीतरी नियम पोरानं मनातल्या मनात केलेला. उत्तर लिहिलं १२. खरं तर ६ आणि ९ ला अजून तीननं भाग जातो, २ आणि ३ उरतात, आणि मसावि ३६. वरची दुसरी ओळ इथं लगेच ओरडते.

मूळ अवयव वेगळे पाडणाऱ्यांचीही हीच चूक होते, फक्त वेगळ्या वेषात. ७२ मध्ये दोन तीनदा, तीन दोनदा. १०८ मध्ये दोन दोनदा, तीन तीनदा. मुलगा 'सामाईक अवयव २ आणि ३' असं लिहून ६ उत्तर देतो. सामाईक किती *वेळा*, ते मोजायचं. दोन्हीकडे दोन दोनदा आहेच, तीनही दोनदा आहेच, म्हणून २ × २ × ३ × ३.

उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षाच मोठं

त्याच ७२ आणि १०८ चा मसावि २१६. हे मी दर वर्षी बघते. पोरानं उभी मांडणी अगदी नीट केली, शेवटपर्यंत केली, आणि डावीकडच्या विभाजकांबरोबर खाली उरलेले २ आणि ३ सुद्धा गुणून टाकले. तो लसावि झाला, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य, दोन्ही संख्यांनी जिला भाग जातो अशी लहानात लहान संख्या.

याचा दोष मी मुलांना देत नाही, नावांना देते. 'महत्तम' म्हणजे मोठ्यात मोठा, 'लघुतम' म्हणजे लहानात लहान. पोरगं 'महत्तम' वाचतं आणि मोठ्ठं उत्तर शोधायला निघतं. प्रत्यक्षात महत्तमवाला छोटा असतो आणि लघुतमवाला मोठा! म्हणून मी पहिला शब्द झाकायला सांगते, शेवटचा वाचायला लावते. विभाजक, म्हणजे भागणारा. भागणारा ७२ पेक्षा मोठा कसा असेल? विभाज्य, म्हणजे ज्याला भाग जातो तो. तो १०८ पेक्षा लहान कसा असेल? मसावि लहान संख्येच्या वर कधी जात नाही, लसावि मोठ्या संख्येच्या खाली कधी येत नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

भागाकार पद्धतीत कधी बरोबर, कधी चूक

आता ती नशिबाची भानगड. यावर जरा जास्त बोलते, कारण ही चूक पालकांना दिसतच नाही.

भागाकार पद्धत म्हणजे वरच्या वजाबाकीचाच झटपट अवतार. मोठ्या संख्येला लहानीनं भागायचं. बाकी उरली की *आधीच्या भाजकाला* त्या बाकीनं भागायचं. बाकी शून्य येईपर्यंत हेच. शेवटचा भाजक म्हणजे मसावि. काही पोरं शेवटी आलेलं शून्यच उत्तर म्हणून लिहितात, काही शेवटचा भागाकार लिहितात. ती चूक एकदा सांगितली की सुटते. न सुटणारी वेगळीच.

४३७ आणि ३२३ घ्या. ४३७ ला ३२३ नं भागलं, बाकी ११४. आता ३२३ ला ११४ नं भागायचं. पण एका मुलीनं परत ४३७ लाच भागलं. बाकी ९५. परत ४३७ ला ९५ नं, बाकी ५७. परत ४३७, बाकी ३८. परत ४३७, बाकी १९. परत ४३७, बाकी शून्य. उत्तर १९. आणि खरं उत्तर? १९ च! (४३७ म्हणजे १९ × २३, ३२३ म्हणजे १९ × १७.) घरी उत्तरसूचीशी जुळलं, आईनं बरोबरची खूण केली, आणि चुकीची रीत पक्की झाली.

मी तिला ४८ आणि ३० दिले. तिच्या रीतीनं: ४८ ला ३० नं, बाकी १८. ४८ ला १८ नं, बाकी १२. ४८ ला १२ नं, बाकी शून्य. उत्तर १२. भाग की गं ३० ला बारानं. जात नाही. ती वहीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली.

काय झालं ते बघा. पहिली पायरी ठीक होती. दुसऱ्या पायरीत १२ मिळाले, आणि मग १२ ची गाठ पुन्हा ४८ शीच घातली. मध्ये १८ होते, त्यांना कुणी विचारलंच नाही की बाबा तुला बारानं भाग जातो का. १८ ला डावललं म्हणजे आडवाटेनं ३० लाच डावललं. नीट रीत अशी: ४८ ला ३० नं, बाकी १८. ३० ला १८ नं, बाकी १२. १८ ला १२ नं, बाकी ६. १२ ला ६ नं, बाकी शून्य. मसावि ६.

पोरांना मी केएमटीच्या, म्हणजे आमच्या सिटी बसच्या, थांब्यावरची रांग सांगते. बाकी आली की सगळे एकेक जागा पुढं सरकतात, आणि जो बसमध्ये चढला तो परत रांगेत येऊन उभा राहत नाही. ४८ गेला तो गेला. मुलाची रीत तपासायची असेल तर उत्तर बघू नका, दुसऱ्या भागाकारात कुणाला भागलंय ते बघा. आणि सरावाला ४८-३० सारख्या जोड्या द्या, ज्यात चुकीची रीत पकडली जाते.

ही रीत काही आजकालची नव्हे. ग्रीक गणिती युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ती आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या सातव्या भागात मांडली, तीही वजाबाकीच्याच भाषेत. आपल्याकडे आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये असाच एकामागून एक भागाकार वापरून वेगळ्या जातीची समीकरणं सोडवली. त्या रीतीला पुढं नाव पडलं कुट्टक. कुट्टक म्हणजे कुटणारा. उन्हाळ्यात डंकावर कांदा-लसूण चटणी कुटून आणणाऱ्या गावात हे नाव समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या संख्या कुटत कुटत बारीक करायच्या, एवढंच.

"पण हे संपणार कधी?" असं विचारणारी पोरं भेटतात आणि प्रश्न रास्त आहे. बाकी दर वेळी भाजकापेक्षा लहानच येते, म्हणजे संपणार हे नक्की. किती लवकर, तेही ठरलेलं आहे. गॅब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञानं १८४४ मध्ये सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. दोन अंकी असेल तर फार तर दहा. शिक्षा म्हणून मी कधीकधी ८९ आणि ५५ देते. भागाकारानं केलं तर नऊ पायऱ्या होतात, बाकी रडतखडत ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १ अशी उतरते आणि शेवटी उत्तर १. "मी लई दमलो बाई," म्हणून एका पोरीनं पेन टाकलं. (कोल्हापूरची पोरगी आहे, 'दमले' असं म्हणणारच नाही.)

तीन संख्या आल्या की

६०, ८४ आणि १०५. यात मुद्दाम लावलेला सापळा आहे. ६० आणि ८४ मध्ये १२ सामाईक, ८४ आणि १०५ मध्ये २१, ६० आणि १०५ मध्ये १५. कुठल्याही दोघांचं चांगलं जमतं. तिघांचं मिळून फक्त तीनावर एकमत होतं. मसावि ३.

उभ्या मांडणीत लसावि काढताना दोघांना भाग जात असला तरी चालतं, तिसरा जसाच्या तसा खाली उतरवतात. तीच सवय मसाविला लागते. मसाविला तिघांनाही भाग गेला पाहिजे, नाहीतर थांबायचं. खात्री वाटत नसेल तर आधी दोघांचा काढा, १२, आणि मग १२ व १०५ यांचा. तोच तीन.

आणि मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार, हा पडताळा दोनच संख्यांना लावा. इथं मसावि ३, लसावि ४२०, गुणाकार १२६०. तिन्ही संख्यांचा गुणाकार मात्र पाच लाख एकोणतीस हजार दोनशे. हा नियम तिघांना लावून बरोबर आलेलं उत्तर खोडणारी हुशार पोरंही मी बघितली आहेत.

शाब्दिक उदाहरणात मसावि की लसावि

"जास्तीत जास्त दिसलं की मसावि, कमीत कमी दिसलं की लसावि." ही युक्ती कुणी शिकवली असेल तर विसरायला लावा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध देतात, त्यावरून मी केलेलं उदाहरण: ८४ लिटर गाईचं दूध, १२० लिटर म्हशीचं. एकत्र करायचं नाही. सगळे कॅन सारख्याच मापाचे आणि काठोकाठ भरलेले पाहिजेत. कमीत कमी किती कॅन लागतील? निम्म्या वर्गानं 'कमीत कमी' वाचलं, लसावि काढला आणि ८४० लिटरचा कॅन आणला. दूध आहे ८४ लिटर! कॅन कमी पाहिजेत म्हणजे प्रत्येक कॅन मोठ्यात मोठा पाहिजे. मसावि १२, गाईचे सात आणि म्हशीचे दहा, सतरा कॅन. आहे त्याचे तुकडे पाडायचे असतील तर मसावि. पुढं जाऊन कुठंतरी गाठ पडायची असेल, दोन घंटा पुन्हा एकदम कधी वाजतील वगैरे, तर लसावि.

एकक वेगळं असलं की आणखी एक गंमत. ३ मीटर ६० सेंमी आणि २ मीटर ५२ सेंमी दोरीचे सारखे, मोठ्यात मोठे तुकडे. एकानं मीटरचा मसावि वेगळा काढला, १. सेंटिमीटरचा वेगळा, ४. उत्तर १ मीटर ४ सेंमी. मला त्याचं कौतुकच वाटलं, पण १०४ नं ३६० ला भाग जात नाही. सगळं सेंटिमीटरमध्ये आणा: ३६० आणि २५२, फरक १०८, २५२ ला १०८ नं भागून बाकी ३६, आणि १०८ म्हणजे छत्तीसची तिप्पट. ३६ सेंमीचे दहा आणि सात तुकडे.

माडीवरच्या मागच्या खोलीची फरशी बदलायला काढली तेव्हा पोरांनी गवंडीमामांना धरलं. खोली साडेदहा फूट बाय साडेसात फूट, म्हणजे १२६ इंच बाय ९०. पोरांनी उभ्याउभ्या मसावि काढला: १८. "अठरा इंची चौकोनी घाला, एकबी कापाय लागत न्हाई. सात गुणिले पाच, पस्तीसच लागतील."

मामांनी टेप गुंडाळला. "अठरा इंची मला मिळाली न्हाई. दोन फुटीच आणल्यात. कडंला कटिंग येतंय." आणि आलंच, एका बाजूला सहा इंचाची पट्टी, दुसऱ्या बाजूला अठराची.

त्या सहाच्या पट्टीकडं बघून पाचवीतला एकजण म्हणाला, "मग सगळी सहा इंचीच घातली असती तर? सहानं पण दोन्हीला भाग जातोय की."

"जातोय," मामांच्या आधी सातवीतला बोलला, "एकवीस गुणिले पंधरा. तीनशे पंधरा फरश्या."

मामांनी दोन्ही हात जोडले आणि सिमेंट कालवायला खाली गेले.